बाकी नेहमीचं

दिवाळी अंकासाठी ‘पालिकेतल्या गमतीजमती’ लिहून द्या, असं संपादकांनी सांगितलं तेव्हा मी फोनवरच विचारलं, "गमतीच हव्यात, की राग चालेल?" ते म्हणाले, "थोडा चालेल." थोडा म्हणजे किती हे त्यांनी सांगितलं नाही, त्यामुळे प्रमाण माझं मीच ठरवलं आहे.

पिंपरीपासून चाकणपर्यंतच्या या पट्ट्यात लहानमोठ्या बऱ्याच पालिका आहेत. त्यातली माझी कुठली, ते विचारू नका. माणसांची नावं मी बदलली आहेत. माझं बदललेलं नाही. मी साळवेबाई. तीस वर्षं सभाशाखेत लिपिक होते आणि शेवटची दोन वर्षं जन्म-मृत्यू नोंदणीत. ती शेवटची दोन वर्षं तिकडे का, तेच सांगायला बसले आहे.

सभाशाखेचं काम म्हणजे सभेत माणसं बोलतात ते लिहून ठेवायचं. त्याला कार्यवृत्तांत म्हणतात. ऐकायला सोपं वाटतं, पण सभेत कुणी वाक्य पुरं करत नाही. एक जण म्हणतो, "अहो, ते मागच्या वेळचं जे होतं ना, ते त्याच्याबरोबरच घ्या." आम्ही लिहितो, ‘विषय क्रमांक चार व सात एकत्रित विचारात घेण्यात यावेत.’ दोन तास हमरीतुमरी झाली की आम्ही लिहितो, ‘साधकबाधक चर्चा झाली.’ एकदा एका सदस्यांनी पाण्याची बाटली भिरकावली. मी लिहिलं, ‘सदस्यांनी पाणीप्रश्नाकडे सभागृहाचे लक्ष वेधले.’ विषय खरोखरच पाण्याचा होता. कार्यवृत्तांत वाचून तेच सदस्य माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, "बाई, इतकं चांगलं बोललो का हो मी?"

प्रत्येक सभेचा पहिला विषय ठरलेला असतो: मागील सभेचा कार्यवृत्तांत कायम करणे. मागच्या वेळी जे लिहिलं ते बरोबर आहे, असं सगळ्यांनी मान्य करायचं. अध्यक्ष विचारतात, सदस्य ‘कायम, कायम’ म्हणतात आणि तिथून पुढे ते लिहिलेलं पक्कं होतं. वाचलेलं कुणीच नसतं.

हा शब्द माझ्या घरात फार मोठा होता. माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, भोसरीच्या एका कारखान्यात अकरा वर्षं टेंपररी होते. सात महिने काम, मग ब्रेक, मग पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात. कायम झाले नाहीत ते नाहीतच. मी नोकरीला लागले तेव्हा पहिली दोन वर्षं रोज संध्याकाळी ते मला दारातच विचारायचे, "झालीस का कायम?" त्यामुळे सभागृहात माणसं चहाचा कप तोंडाशी धरून ‘कायम, कायम’ म्हणायची, तेव्हा मला दर वेळी राग यायचा. दाखवता यायचा नाही, एवढंच.

आता यातली एक खोच सांगते. ठराव आज मंजूर झाला तरी तो पक्का होतो पुढच्या सभेत, म्हणजे महिनाभराने. घाई असेल तर ठरावाच्या शेवटी एक वाक्य जोडतात: ‘कार्यवृत्तांत कायम होण्याची वाट न पाहता अंमलबजावणी करण्यात यावी.’ हे वाक्य असलं की ठराव दुसऱ्या दिवशी लागू होतो. नसलं की महिनाभर थांबायचं. ठराव मांडणाऱ्याने, म्हणजे सूचकाने, ते तोंडाने वाचायला हवं. प्रत्यक्षात निम्मे सूचक त्याआधीच खाली बसत. मग मी ते वाक्य माझ्या हाताने घालत असे. कुणी सांगावं लागत नव्हतं, सवयच झाली होती.

त्या सवयीने एकदा माझ्या हातून वाईट झालं. हातगाडीवाल्यांची एक सल्लागार समिती होती आणि पेरू विकणारे रंगनाथमामा तिचे सदस्य होते. त्या समितीची मुदत कमी करण्याचा ठराव आला. सूचक ते वाक्य बोलले नव्हते. मी घातलं. समिती दुसऱ्याच दिवशी संपली. तिसऱ्या दिवशी तिची बैठक ठरलेली होती. मामा धुतलेला सदरा घालून, हातात एक कागद घेऊन आले. मी त्यांना दारातच सांगितलं. ते म्हणाले, "पर बाई, आमी आजून बोललोच न्हाई." मी म्हटलं, "नियम आहे, मामा." नियम नव्हता, माझी सवय होती. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही, आणि आता सांगायला ते नाहीत.

सल्लागार समितीला अधिकार असा काही नसतो. सल्ला द्यायचा, वरच्यांनी ऐकला तर ऐकला. पण सल्ला लेखी आला की फाईलला चिकटतो. फाईल जाईल तिथे तो जातो आणि ज्याला तो ऐकायचा नसेल त्याला का ऐकला नाही हे लिहून खाली सही करावी लागते. सहीला सगळे घाबरतात. म्हणून अडचणीची समिती कुणी बंद करत नाही, कारण बोभाटा होतो. तिची संख्या आणि मुदत बदलतात. मी दोन्ही तऱ्हा पाहिल्या. एका समितीची संख्या इतकी वाढवली की निम्मी माणसं कधी जमलीच नाहीत आणि दर बैठक तहकूब झाली. दुसरीची इतकी कमी केली की सगळे सदस्य एकाच गाडीतून यायचे आणि गाडीतच त्यांची बैठक झालेली असायची. मुदत वर्षावर आणली की माणसाला कामकाज समजेपर्यंत निरोपाचा नारळ हातात. कारण दर वेळी एकच लिहायचं, ‘कामकाजात सुसूत्रता यावी म्हणून.’ हे ‘सुसूत्रता’ मी इतक्या वेळा लिहिलंय की अजून त्या शब्दाने माझं डोकं फिरतं.

आमच्याकडे पादचाऱ्यांसाठी एक समिती होती. सतरा सदस्य, मुदत तीन वर्षं. मी तिची सचिव. अध्यक्ष सांगवीचे एक निवृत्त मुख्याध्यापक होते, त्यांना सगळे गुरुजी म्हणायचे. बचतगटांच्या वतीने विमल नावाची एक बाई होती. बीडकडची, वीस वर्षांपूर्वी नवऱ्याबरोबर इकडे आलेली. राहायला मोशीत, काम चाकणच्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या करण्याचं. तिचा विषय एकच होता. तिच्या घराजवळच्या फाट्यावर बसथांबा रस्त्याच्या पलीकडे होता आणि मधल्या रस्त्यावर कंटेनर, ट्रेलर, टेम्पो. तिच्या जावेचा पाय तिथेच एका टेम्पोखाली गेला होता. पालिकेत त्या रस्त्याच्या रुंदीकरणाची फाईल चालू होती. वाहनांना कुठे थांबावं लागू नये असा आराखडा होता, आणि चालणाऱ्यांसाठी त्यात काहीच नव्हतं. विमलला तिथे सिग्नल हवा होता.

आठ बैठकांत तिचा विषय ‘वेळेअभावी पुढील सभेत’ गेला. तसं मीच लिहिलं. वेळ कुठे जायचा म्हणाल, तर ताथवड्याच्या एका कॉलेजात शिकवणारे प्रोफेसर समितीत होते, त्यांच्याकडे. माणूस विद्वान, पण बोलायला उभे राहिले की चहा दोनदा गरम करायला लागायचा. विमल माझ्या कानाशी येऊन म्हणायची, "म्याडम, सगळे बोलायलेत. माझा नंबर कवा?" एकदा प्रोफेसर तिला म्हणाले, "ताई, अनुभव म्हणजे आकडेवारी नव्हे."

ती म्हणाली, "सर, माझ्या जावंचा पाय आकडेवारीत धरला का न्हाई?"

त्या दिवशी मी ‘साधकबाधक चर्चा झाली’ असं लिहिलं, आणि घरी जाईपर्यंत ते मला डाचत राहिलं.

रुंदीकरणाची फाईल मंजुरीला निघायची वेळ आली. आता समितीचा लेखी अभिप्राय लागणार होता. तेवढ्यात सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर एक नवा विषय आला. पादचारी समितीची संख्या सतरावरून सात, मुदत तीन वर्षांवरून एक वर्ष, आणि सदस्य फक्त तज्ज्ञ. सात नावंही तयार होती. त्यात प्रोफेसर होते, गुरुजी नव्हते, आणि विमल असण्याचा प्रश्नच नव्हता. ठराव लागू झाला की आठवड्यात नवी समिती बसणार, मान डोलावणार आणि फाईल पुढे जाणार, असा बेत होता.

सभेच्या दिवशी एका कुस्तीगिराचा सत्कार होता. हार, शाल, फेटा, सगळं दाराशी येऊन थांबलेलं. सूचक घाईत ठराव वाचत होते. "...सदस्यसंख्या सात व मुदत एक वर्ष राहील," इथपर्यंत आले, दारातून हलगी वाजली, तशी त्यांनी कागदाची घडी घातली आणि म्हणाले, "आणि बाकी नेहमीचं."

"अनुमोदन!"

"मंजूर."

मी लिहिलं, ‘आणि बाकी नेहमीचं.’ हात सवयीने पुढे निघाला होता. ‘कार्यवृ’ एवढं लिहूनही झालं होतं. मला रंगनाथमामा आठवले. मी ते ‘कार्यवृ’ खोडलं.

संध्याकाळी साहेबांनी बोलावलं. साहेब म्हणजे आमच्या शाखेचे प्रमुख, वागायला गोड माणूस.

"साळवेबाई, हे काय लिहिलंय?"

"जे बोलले ते."

"अहो, बाकी नेहमीचं म्हणजे ते वाक्य. सगळ्यांना कळतंय."

"कळतंय, पण बोललं कुणीच नाही. टेप ऐका."

"आजपर्यंत कोण बोलत होतं? तुम्हीच घालत होतात ना?"

"घालत होते. चुकत होते."

"आणि नेमकं आजच बरोबर वागायचं सुचलं तुम्हाला?"

"हो. आजच."

साहेबांचं म्हणणं खोटं नव्हतं, हे मी इथे कबूल करते. मी तटस्थ वगैरे नव्हते. ती फाईल कुठे चालली आहे ते मला दिसत होतं. पण न बोललेलं लिहिण्याची सक्ती कुठल्या नियमात आहे ते साहेबांनाही दाखवता येईना. शेवटी ते म्हणाले, "ठीक आहे, मी दुरुस्त करतो." मी म्हटलं, "करा. खाली तुमची सही आणि तारीख टाका." त्यांनी पेन उघडलं, थोडा वेळ धरून ठेवलं आणि खिशाला लावलं. त्यांनी विधी शाखेला विचारलं, तेव्हा तिकडून उत्तर आलं की ‘बाकी नेहमीचं’ या शब्दांना कायद्यात काही अर्थ दिसत नाही.

म्हणजे पुढची सभा होईपर्यंत सतरा जणांची समिती जिवंत होती. विधी शाखेचं उत्तर आलं त्याच दुपारी मी गुरुजींना फोन केला. ते रिक्षाने आले, चष्मा पुसून आमच्या बैठकीची विषयपत्रिका वाचली आणि म्हणाले, "विषय एकच ठेवलात ते बरं केलंत." सही करून गेले. सात दिवसांची रीतसर सूचना सतरा घरी गेली.

बैठकीला निम्म्याहून जास्त, म्हणजे नऊ सदस्य हजर लागतात. वेळ झाली तेव्हा आठ होते. काहींना फोन गेले होते, ‘समिती बदलतीये, कशाला येताय’ म्हणून. अर्धा तास वाट पाहायची आणि मग तहकूब, असा नियम. विमल अर्ध्या दिवसाची रजा टाकून आली होती. मांडीवर पिशवी घट्ट धरून बसली होती. मला म्हणाली, "म्याडम, आज तरी हुईल का?" मी हजेरीपुस्तकातल्या सह्या पुन्हा मोजल्या.

नववे आले ते प्रोफेसर. खरं सांगते, मला त्यांची आशा नव्हती. सातांत त्यांची खुर्ची पक्की होती. ते न येते तर त्यांना कुणी बोल लावला नसता. दारातच उभे राहून त्यांनी मला विचारलं, "मला सातांत घेतलंय म्हणे. पण आज मी सतरातलाच आहे ना?"

"आज सतरातले, सर."

"मग हजेरीपुस्तक द्या."

गुरुजींनी विमलला बोलायला सांगितलं. ती उभी राहिली. मी ठरवलं होतं की आज एकही वाक्य दुरुस्त करायचं नाही. ती बोलली तसं लिहिलं, आणि ते मला अजून पाठ आहे.

"मी सल्ला द्यायला आले न्हाई. मला सल्ल्यातलं काय कळतंय. मी रोज वलांडते. सकाळी सहाला एकदा, दुपारी तीनला एकदा. हात वर करून वलांडते. माझा हात बघून ट्रेलर थांबत न्हाई. त्याच्यापुढं दुसरी गाडी आली तर थांबतो. म्हणून आमी बाया दुसऱ्या गाडीच्या आडोशानं वलांडतो. सायबांनी रस्ता मोठा करावा, जरूर करावा. पर मग आडोसा बी ऱ्हायचा न्हाई. तवा आमी कशाच्या आडून जायचं, तेवढं त्यांनी लिवून द्यावं."

ती बसली. प्रोफेसर बोलतील म्हणून सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. ते म्हणाले, "मला यात काही जोडायचं नाही. हे जसंच्या तसं अभिप्रायात जाऊ दे." मग त्यांनी खाली दोन ओळी सांगितल्या: सिग्नलशिवाय रुंदीकरण करू नये, केल्यास विमलताईंच्या प्रश्नाचं लेखी उत्तर द्यावं. नऊच्या नऊ हात वर झाले. अभिप्राय त्याच दिवशी फाईलला लागला. टाचणी मी स्वतः मारली.

महिन्याने सर्वसाधारण सभा भरली. आता कार्यवृत्तांतात दुरुस्ती करायची ही शेवटची संधी होती. पण त्यासाठी सूचकांनी उभं राहून सांगायला हवं होतं की मी ठराव पुरता वाचला नव्हता. साहेबांनी त्यांना आदल्या दिवशी समजावलं होतं, ते मी ऐकलं होतं. अध्यक्ष म्हणाले, "मागील सभेचा कार्यवृत्तांत कायम करणे." मी सूचकांकडे पाहिलं. ते शेजाऱ्याशी कसल्या तरी लग्नाचं बोलत होते. मान न वळवता, सगळ्यांच्या वरच्या आवाजात ते ओरडले, "कायम!"

‘आणि बाकी नेहमीचं’ हे शब्द त्या पालिकेच्या दप्तरात आज कायम आहेत. कुणाला पाहायचे असतील तर अर्ज करा.

त्याच क्षणी समिती सातची झाली. गुरुजी गेले, विमल गेली. ते मी थांबवू शकले नाही, आणि थांबवलं असं सांगून मिरवणारही नाही. पण अभिप्राय फाईलवर होता. बायकांनी कशाच्या आडून जायचं, हे लिहून खाली सही करायला एकही अधिकारी तयार झाला नाही. रस्ता रुंद झाला, आणि फाट्यावर सिग्नलही लागला.

मला नोटीस आली. ‘शासकीय अभिलेखात अशिष्ट भाषा नोंदवल्याबद्दल कारणे दाखवा.’ मी उत्तर एका ओळीत दिलं: ‘भाषा माननीय सूचकांची आहे, कारणे त्यांना विचारावीत.’ त्यानंतर बदली झाली. जन्म-मृत्यूच्या खिडकीत मला त्रास होईल अशी कुणाची तरी समजूत होती. मला तिथे बरं वाटलं. नव्या बाळाचा बाप यायचा, म्हणायचा, "म्याडम, नाव तुम्हीच टाका ना काहीतरी चांगलं." मी म्हणायचे, "तुम्ही बोला, मी लिहिते."

मी गेल्या वर्षी निवृत्त झाले. हे इथेच संपलं असतं, पण मागच्या महिन्यात सकाळी विमल रजा टाकून घरी आली. चप्पल काढता काढता म्हणाली, "म्याडम, सिग्नलला गोणपाट बांधलंय."

आम्ही दोघी जाऊन पाहून आलो. कसलं तरी खोदकाम चालू होतं, सिग्नल बंद, आणि खांबाला पाटी: ‘तात्पुरता बंद’. खोदकाम केव्हाच उरकलं होतं, पाटी राहिली होती. बायका पुन्हा गाड्यांच्या आडोशाने पळत होत्या. तात्पुरता या शब्दाचा अर्थ मला अकरा वर्षं घरातच शिकवलेला आहे.

पालिकेत चौकशी केली. सातांच्या समितीची एक वर्षाची मुदत संपली होती आणि नवी नेमलेलीच नव्हती. टेबलावरची मुलगी सौजन्याने म्हणाली, "सध्या समितीच नाहीये, मॅडम. तुम्ही थांबा थोडं."

घरी येऊन मी जुनी वही काढली. विमल समोर बसली. वर तारीख घातली आणि सवयीने लिहिलं, पादचारी समिती. विमल पाहत होती. तिने आठ बैठका फुकट बसून काढल्या नव्हत्या. म्हणाली, "संख्या घाला."

"किती?"

"दोन. तुमी आन् मी."

"मुदत?"

तिने जरासुद्धा विचार केला नाही. "सिग्नल चालू हुईस्तवर."

लिहिलं. सूचक विमल, अनुमोदक मी. मग त्याखाली, सवयीने नव्हे, मोठ्याने उच्चारून, एकेक शब्द लिहिला: ‘कार्यवृत्तांत कायम होण्याची वाट न पाहता अंमलबजावणी करण्यात यावी.’

"म्हंजी?" विमल म्हणाली.

"म्हणजे आत्ता. बायका ओलांडेपर्यंत गाड्या आपण दोघींनी थांबवायच्या."

तिने पिशवी उचलली. मी चपला घातल्या. तीनची पाळी सुटायला अजून वीस मिनिटं होती, आणि तेवढ्यात फाट्यावर पोचता येत होतं.